संग्रहातील कार्ड ग्रेडिंगला पाठवताना : मराठवाड्यातील संग्राहकांसाठी मार्गदर्शन

मोंढ्यावर सोयाबीन घेऊन गेलेल्या माणसाला ग्रेडिंग म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. ढिगात हात घालून मूठभर दाणे तळहातावर पसरणे, यंत्रात ओलावा मोजणे, डागी दाणा आणि माती-काडीचे प्रमाण पाहणे आणि मगच भाव बोलणे, हा क्रम आपल्याकडे लहानपणापासून डोळ्यांसमोर असतो. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा साधारणपणे १२ टक्के असते, म्हणून जाणता शेतकरी माल घरीच वाळवून आणि चाळून नेतो, कारण केंद्रावरून परत आणलेल्या मालाचे भाडे दोन्ही बाजूंचे भरावे लागते. पोकेमॉन, मॅजिक, क्रिकेट किंवा फुटबॉलची संग्राह्य कार्डे परदेशी कंपनीकडून ग्रेड करून घेऊ इच्छिणाऱ्यांना माझे सांगणे हेच आहे. कंपनीकडे जाण्याआधी कार्डाचे ग्रेडिंग आपल्या टेबलावर, आपल्या डोळ्यांनी झालेले असले पाहिजे, आणि दहापैकी सात-आठ कार्डे त्या टेबलावरच बाजूला काढण्याची तयारी असली पाहिजे.

परभणीत राहून मी बरीच वर्षे कार्डे जमवत आलो आहे. या काळात जे नुकसान झाले, ते बहुतेक वेळा पाकीट बंद करण्याआधीच्या घाईमुळे झाले. म्हणून या लेखात घरच्या तपासणीला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्या

ग्रेडिंग कंपनी तीन कामे करते. कार्ड अस्सल आहे की नाही हे ती तपासते, त्याच्या स्थितीला १ ते १० या मोजपट्टीवर अंक देते, आणि नाव, वर्ष, अंक व अनुक्रमांक छापलेल्या पट्टीसह ते कठीण पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत कायमचे बंद करते. या पेटीला सगळीकडे ‘स्लॅब’ म्हणतात. स्लॅब फोडल्याशिवाय उघडता येत नाही, आणि फोडला की त्या अंकाची हमी संपते.

अमेरिकेतील चार नावे प्रामुख्याने ऐकू येतात. पीएसए १९९१ मध्ये, एसजीसी १९९८ मध्ये आणि बेकेटची ग्रेडिंग सेवा १९९९ मध्ये सुरू झाली. सीजीसी ही मुळात कॉमिक्सचे ग्रेडिंग करणारी कंपनी असून तिने २०२० मध्ये कार्डांचे काम हाती घेतले. एसजीसी २०२४ पासून पीएसएच्याच मालक कंपनीच्या ताब्यात आहे. पीएसए एकच एकत्रित अंक देते आणि अर्ध्या अंकांची तिची मोजपट्टी ८.५ वर थांबते, त्यामुळे तिथे ९ आणि १० यांच्यामध्ये पायरीच नाही. बेकेटकडे ९.५ हा अंक आहे, शिवाय सेंटरिंग (म्हणजे छापलेले चित्र कार्डाच्या किती मधोमध बसले आहे), कोपरे, कडा आणि पृष्ठभाग यांचे चार स्वतंत्र अंकही पट्टीवर छापून घेता येतात. पुढे विकण्याचा विचार असेल तर पीएसएचा अंक सर्वांत सहज ओळखला जातो, असा माझा अनुभव आहे. मात्र आपले कार्ड नेमके कुठे कमी पडले हे शिकून घ्यायचे असेल, तर निदान पहिल्या खेपेला बेकेटचे चार अंक घेण्यात शहाणपण आहे, कारण त्या चार अंकांशी स्वतःचा अंदाज ताडून पाहता येतो आणि डोळा लवकर तयार होतो.

आधी कार्ड खरे आहे का ते पाहावे

परभणी असो, लातूर असो की बीड, खेळण्यांच्या आणि शालेय साहित्याच्या दुकानांत पोकेमॉनच्या नावाने मिळणारी कार्डे फार मोठ्या प्रमाणावर बनावट असतात. सोनेरी चकाकीची प्लास्टिकची पन्नास-पन्नास कार्डे एकाच खोक्यात, शे-दोनशे रुपयांना मिळत असतील, तर त्यांबद्दल शंका घेण्याचीही गरज नाही. माझा भाचा दोन वर्षांपूर्वी असेच चारिझार्ड या पोकेमॉन पात्राचे एक सोनेरी कार्ड रुमालात बांधून घेऊन आला आणि “मामा, हे पाठवून द्या ना” म्हणाला. त्याला सत्य सांगताना मला फार वाईट वाटले, पण ते त्याच दिवशी सांगितले हे बरे झाले. नाहीतर परदेशातून तेच उत्तर काही महिन्यांनी आणि काही हजार रुपये घेऊन आले असते. ग्रेडिंग कंपनी बनावट कार्डाला अंक देत नाही, आणि तपासणीचे श्रम झालेले असल्यामुळे शुल्क परत मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

पोकेमॉनचे कार्ड तपासताना त्याच काळातील, त्याच भाषेतील एक साधे पण खात्रीचे कार्ड शेजारी ठेवावे. त्याची किंमत पाच-दहा रुपये असली तरी चालेल. दोन्हींची मागची निळी छटा, अक्षरांची जाडी आणि ‘पोकेमॉन’ या इंग्रजी शब्दातील ई या अक्षरावरची तिरपी खूण जुळवून पाहावी. घड्याळ दुरुस्त करणारे किंवा सराफ वापरतात तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग घेतले, तर अस्सल छपाईत रंगांचे बारीक ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारख्या नियमित रचनेत दिसतात, तर बनावट कार्डावर बऱ्याचदा ते पसरट आणि धूसर असतात. अस्सल कार्डाच्या दोन कागदी थरांमध्ये एक काळसर थर असतो, जो कडेकडून पाहिल्यास केसासारख्या रेषेच्या रूपात दिसू शकतो. तो पाहण्यासाठी कार्ड फाडण्याची किंवा वाकवण्याची चाचणी कोणी सुचवली, तर ती करू नये.

क्रिकेटच्या कार्डांबाबत वेगळीच अडचण आहे. १९९० च्या दशकात आपल्यापैकी अनेकांनी च्युइंगगमच्या पाकिटांतून मिळालेली कार्डे जपून ठेवली आहेत. ती अस्सल असली तरी प्रत्येक कंपनी प्रत्येक संच स्वीकारतेच असे नाही. ज्या संचाची नोंद कंपनीकडे नाही, त्याचे कार्ड ग्रेड न होता परत येऊ शकते. म्हणून अशा कार्डाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून, हा संच आपण घेता का, असे कंपनीला आधी विचारावे आणि होकार मिळाल्यावरच पुढे जावे.

येथे थोडे विषयाबाहेर जाऊन एक सूचना करणे आवश्यक वाटते. आपल्या भागातील पुष्कळ घरांत निजामाच्या काळातील हाली सिक्के आहेत, आणि कार्डांसाठी परदेशी पाकीट तयार होत असताना ‘त्यातच ही दोन नाणीही टाकू’ असा विचार मनात येतो. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि ते परस्पर परदेशी पाठवणे हा गुन्हा आहे. कार्डांच्या पाकिटात अशी वस्तू कधीही जाता कामा नये.

टेबलावरची तपासणी

यासाठी सकाळची वेळ निवडावी, कारण डोळे ताजे असतात आणि उत्तरेकडच्या खिडकीतून येणारा उजेड सौम्य असतो. पंखा बंद ठेवावा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. तेल, मलम किंवा पावडर लावलेली नसावी. अनेक जण सुती हातमोजे वापरतात, पण त्यांचे धागे कोपऱ्याला अडकण्याची भीती असल्यामुळे स्वच्छ कोरड्या बोटांनी कार्ड फक्त कडांवर धरणे मला अधिक सुरक्षित वाटते. टेबलावर धुतलेला, रवे नसलेला मऊ कपडा अंथरावा. भिंग, पारदर्शक प्लास्टिकची मिलिमीटर पट्टी, मोबाइलची विजेरी आणि वही एवढे साहित्य पुरे.

सेंटरिंगपासून सुरुवात करावी, कारण ते मोजता येते आणि त्यात मन स्वतःला फसवू शकत नाही. चित्राच्या चौकटीपासून कार्डाच्या कडेपर्यंतची डावी आणि उजवी किनार मोजावी, दोन्हींची बेरीज करावी आणि मोठ्या किनारीला त्या बेरजेने भागावे. समजा, डावी किनार ३.३ मिलिमीटर आणि उजवी २.७ मिलिमीटर आली, तर बेरीज ६ होते आणि ३.३ भागिले ६ म्हणजे ५५ टक्के, म्हणजे हे कार्ड ५५/४५ आहे. तसेच वर-खाली मोजावे आणि दोन्हींपैकी वाईट आकडा धरावा. पीएसएच्या १० अंकासाठी पुढच्या बाजूचे सेंटरिंग साधारणपणे ५५/४५ आणि मागच्या बाजूचे ७५/२५ यांच्या आत असावे लागते. किनार अरुंद असेल तर पट्टीवर अर्ध्या मिलिमीटरची चूकही मोठी ठरते. अशा वेळी कार्डाचे सरळ वरून छायाचित्र घेऊन संगणकावर मोठे करून मोजल्यास उत्तर अधिक भरवशाचे येते. ज्या कार्डांना किनारच नसते, चित्र थेट कडेपर्यंत गेलेले असते, त्यांची मागची बाजू विशेष लक्ष देऊन मोजावी.

त्यानंतर कोपरे पाहावेत. पुढून चारही कोपरे निर्दोष दिसले तरी मागची निळी किंवा गडद बाजू खरी गोष्ट सांगते, कारण घासलेल्या जागी आतला पांढरा कागद उघडा पडतो. भिंगातून प्रत्येक कोपऱ्यावर निदान दहा सेकंद थांबावे आणि वहीत चार कोपऱ्यांच्या चार नोंदी कराव्यात. ‘कोपरे चांगले’ अशी एकत्रित नोंद करू नये, कारण एका कोपऱ्यावरचा एक पांढरा ठिपका अशा नोंदीत हमखास हरवतो. कडांचेही तसेच आहे. पाकिटातून नुकत्याच काढलेल्या कार्डाच्या कडेवरही कापणाऱ्या यंत्राचे खडबडीत दाते किंवा पांढरे कण असू शकतात.

पृष्ठभाग सर्वांत कठीण. समोरून पाहिल्यास चकाकीच्या कार्डावर काहीच दिसत नाही. खोलीत अंधार करून विजेरीचा झोत जवळजवळ कार्डाच्या पातळीत आणावा आणि कार्ड हळूहळू तिरपे करत पाहावे, म्हणजे ओरखडे, बोटांचे ठसे, छपाईच्या यंत्राने सोडलेल्या सरळ रेषा आणि दाबाने पडलेले खळगे एकामागून एक उघडे पडतात. खळगा हा सर्वांत घातक दोष आहे. ज्वारीच्या दाण्याहून लहान असा एक खळगाही, बाकी सगळे उत्तम असताना, कार्डाला दहावरून कितीतरी खाली खेचतो, आणि समोरच्या उजेडात तो मालकाला वर्षानुवर्षे दिसलेला नसतो.

नव्या संग्राहकांना पटायला सर्वांत अवघड जाते ती गोष्ट अशी की, कारखान्यातून आलेला दोषही दोषच धरला जातो. ‘मी स्वतः पाकीट फोडले आणि कार्ड लगेच स्लीव्हमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पिशवीत, ठेवले’ हे वाक्य ग्रेडरपर्यंत पोहोचत नाही. त्याच्यासमोर फक्त कार्ड असते, आणि छापताना सरकलेले किंवा कापताना खरवडलेले कार्ड त्याच्या दृष्टीने तसेच असते.

चारही बाबी पाहून झाल्यावर वहीत अपेक्षित अंक लिहावा आणि कार्ड ठेवून द्यावे. तीन-चार दिवसांनी, आधीची नोंद न पाहता, तेच कार्ड पुन्हा तपासावे. दोन अंदाजांत फरक आला तर कमी असलेला धरावा. हा नियम मी काटेकोरपणे पाळतो, कारण आवडत्या कार्डाकडे पाहताना पहिल्या दिवशी प्रेम तपासणी करते आणि दुसऱ्या खेपेलाच डोळे काम करू लागतात.

हिशेब

तपासणीत टिकलेल्या कार्डांचा आता रुपयांत विचार करावा. शुल्क, मध्यस्थाचे पैसे, जाण्या-येण्याचे कुरियर, विमा आणि परत येताना लागू शकणारा कर हे सगळे मिळून एका कार्डामागे किती खर्च पडतो, तो आकडा आधी काढावा. किंमत ठरवताना विक्रेत्यांनी मागितलेले भाव पाहू नयेत. प्रत्यक्ष विक्री झालेल्या कार्डांचे भाव पाहावेत, आणि तेही ८, ९ व १० या तीन अंकांचे वेगवेगळे.

समजा, एक न-ग्रेड केलेले कार्ड आज ४,००० रुपयांना विकले जाते आणि सगळा खर्च धरून ग्रेडिंग ३,५०० रुपयांना पडते. म्हणजे गुंतवणूक ७,५०० झाली. तेच कार्ड १० अंकाने आल्यास १४,००० ला, ९ ने आल्यास ६,५०० ला आणि ८ ने आल्यास ४,००० ला जाते असे धरू. १० आला तर ६,५०० रुपये सुटतात, ९ आला तर १,००० रुपये जातात, ८ आला तर ३,५०० जातात. अशी दहा कार्डे पाठवली आणि तीन १०, पाच ९ व दोन ८ आले, तर १९,५०० मिळून १२,००० जातात आणि ७,५०० रुपये उरतात. पण त्या तिघांपैकी एकच कार्ड १० ऐवजी ९ आले, तर मिळकत १३,००० आणि तूटही १३,०००, म्हणजे हातात शून्य. एका कार्डाच्या एका अंकाने दहा कार्डांचा नफा पुसला जातो. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण प्रत्येकाने आपल्या कार्डांचे खरे आकडे घालून हा हिशेब कागदावर मांडावा, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे.

विकायचेच नसेल तर हा हिशेब लागू होत नाही. वडिलांनी आणून दिलेले पहिले कार्ड स्लॅबमध्ये सुरक्षित राहावे असे वाटणे पूर्णपणे योग्य आहे, आणि तिथे ६ अंक आला तरी काही बिघडत नाही.

उन्हाळा, कूलर आणि कार्डांचा बाक

चकाकीच्या कार्डात एका बाजूला ओलावा न शोषणारा धातूसारखा थर आणि दुसऱ्या बाजूला ओलावा शोषणारा कागद असतो. हवेतील ओलावा बदलला की कागद फुगतो किंवा आकसतो, वरचा थर मात्र तसाच राहतो, आणि कार्डाला बाक येतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर आणि हवा अगदी कोरडी असते. त्यातच संध्याकाळी कूलर लावला की त्याच खोलीत दमट हवेचा झोत सुरू होतो आणि सकाळी कूलर बंद झाला की पुन्हा कोरडेपणा येतो. रोजच्या या चढ-उताराचा कार्डांना जितका त्रास होतो, तितका सलग पावसाळ्याचाही होत नाही. एका उन्हाळ्यात मी पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात वीसएक कार्डे ठेवली होती आणि कूलर त्याच खोलीत होता. जूनमध्ये कपाट उघडले तेव्हा चकाकीचे एकही कार्ड सपाट राहिलेले नव्हते.

कार्डे कूलर नसलेल्या, मधल्या खोलीतील लाकडी कपाटात, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवावीत. डब्यात सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या आणि शक्य असल्यास लहान आर्द्रतामापक असावा. ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यानची आर्द्रता चांगली. पुड्यांचा ढीग घालून हवा अतिकोरडी करू नये, कारण त्यानेही उलट दिशेला बाक येतो. ग्रेडिंगची तयारी करायला दिवाळीनंतरचे दिवस, म्हणजे राशी उरकून धूळ खाली बसल्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंतचे, मला सर्वांत सोयीचे वाटतात.

काय पुसावे आणि कशाला हात लावू नये

कोरड्या, स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने पृष्ठभागावरची धूळ आणि ताजा ठसा अगदी हलक्या हाताने टिपावा. याच्या पुढे जाऊ नये. पाणी, स्पिरिट, चष्म्याचे द्रावण किंवा मेण कार्डाला लावू नये. आपल्याकडचे बोअरचे पाणी तर इतके जड असते की ते वाळल्यावर क्षारांचे डाग मागे राहतात. पांढऱ्या पडलेल्या कडेला स्केचपेन लावणे, घडी इस्त्रीने किंवा वजनाखाली दाबून काढणे आणि खडबडीत कड कापून सरळ करणे हे सगळे फेरफार धरले जातात. असे कार्ड एक तर अंकाविना परत येते किंवा ‘फेरफार केलेले’ अशा शेऱ्यानिशी बंद होऊन येते.

कड कापण्याचे प्रकरण या व्यवसायाच्या अगदी पायाशी आहे. पीएसएने १९९१ मध्ये सर्वांत पहिले ग्रेड केलेले कार्ड होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे, टी-२०६ या सिगारेट कार्डांच्या संचातील होते आणि त्याला ८ अंक मिळाला. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरना विकले गेले. पुढे २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलावदाराने, आपण त्या कार्डाच्या कडा कापल्या होत्या, अशी न्यायालयात कबुली दिली. आज कंपन्या कार्डाचा आकार काळजीपूर्वक पडताळतात. पोकेमॉन आणि मॅजिकच्या कार्डाचा प्रमाण आकार सुमारे ६३ गुणिले ८८ मिलिमीटर आहे, आणि दुसऱ्याकडून विकत घेतलेले महागडे कार्ड त्याच संचातील दुसऱ्या कार्डावर ठेवून चारही बाजूंनी जुळते का, हे आपणही पाहावे.

पाकीट बांधणे

कार्ड आधी मऊ पारदर्शक स्लीव्हमध्ये आणि मग अर्धकठीण होल्डरमध्ये घालावे. टॉपलोडर, म्हणजे वरून कार्ड सरकवण्याचे कडक प्लास्टिकचे आवरण, घरी ठेवण्यासाठी उत्तम असले तरी कंपन्या साधारणपणे अर्धकठीण होल्डर मागतात, कारण त्यातून कार्ड ओढाताण न करता काढता येते. स्लीव्हच्या वरच्या टोकाला चिकटकागदाची लहान शेपटी लावावी, म्हणजे उघडणाऱ्याला ती धरून कार्ड बाहेर घेता येईल. होल्डरच्या तोंडावर पारदर्शक चिकटपट्टी लावू नये, कारण ती काढताना गोंद कार्डाला लागण्याची भीती असते. स्क्रूने आवळण्याच्या जुन्या पेट्यांत ठेवलेली कार्डे आधीच दबलेली असू शकतात, हेही ध्यानात असावे.

अर्जात जो क्रम लिहिला असेल, त्याच क्रमाने होल्डर एकावर एक रचावेत, वर-खाली पुठ्ठ्याचे तुकडे ठेवावेत आणि सैल रबराने बांधावेत. रबर आवळले की बाहेरच्या कार्डांच्या कडा वाकतात. मग बुडबुड्यांचे प्लास्टिक, आणि ते सगळे अशा खोक्यात की हलवल्यावर आवाज येणार नाही. पाकिटाऐवजी खोकेच घ्यावे.

बांधण्याआधी प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजूंची आणि चारही कोपऱ्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. एकदा एका मध्यस्थाकडून परत आलेल्या माझ्या कार्डावर नवा खळगा होता, अशी माझी पक्की समजूत आहे. पण माझ्याकडे आधीचे छायाचित्र नव्हते, म्हणून मला काहीच बोलता आले नाही.

अर्ज, मार्ग आणि कस्टम्स

अर्जात वर्ष, संचाचे नाव, कार्ड क्रमांक, खेळाडू किंवा पात्राचे नाव, भाषा आणि आवृत्तीतील फरक हे सगळे कार्डावरून पाहून लिहावे, आठवणीने लिहू नये. जाहीर मूल्य हा रकाना विशेष महत्त्वाचा. त्यावर सेवेचा स्तर आणि शुल्क ठरते, आणि ग्रेडनंतर कार्डाचे मूल्य त्या स्तराच्या वर गेले तर फरकाची रक्कम नंतर मागितली जाते. शुल्क वाचवण्यासाठी मूल्य कमी लिहिले आणि खोके हरवले, तर भरपाईही त्या कमी आकड्यावरच मिळते. जाहीर केलेल्या मुदतींवर फार विसंबू नये. मार्च २०२१ मध्ये कामाचा ढीग इतका साचला होता की पीएसएला आपल्या स्वस्त सेवा काही काळ बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

आपल्यासमोर दोन मार्ग असतात. स्वतः कुरियरने थेट पाठवणे किंवा मोठ्या शहरांत अनेकांची कार्डे एकत्र करून पाठवणाऱ्या मध्यस्थाकडे देणे. दोन-चार कार्डांसाठी थेट पाठवण्याचा खर्च अंगावर येतो, म्हणून बहुतेकांना मध्यस्थ बरा पडतो. त्याला चार प्रश्न लेखी विचारावेत: कार्ड हरवल्यास किंवा खराब झाल्यास जबाबदारी कोणाची, विमा कोणत्या टप्प्यापासून लागू होतो, कंपनीकडचा अर्ज क्रमांक आपल्याला मिळेल का, आणि परतीचा कर कसा वाटला जाईल. उत्तर देण्यास टाळाटाळ करणाऱ्याकडे कार्ड देऊ नये. महागडे कार्ड असेल तर मी देवगिरी एक्सप्रेसने रात्रीचा प्रवास करून ते मुंबईत स्वतःच्या हाताने देणे पसंत करतो, आणि पोचपावतीवर प्रत्येक कार्डाचे नाव लिहून घेतो.

थेट पाठवायचे असल्यास कुरियर कंपनीच्या कस्टम्स पाहणाऱ्या माणसाशी आधी बोलावे. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी बंद केली आहे, त्यामुळे ‘लहान पार्सल आपोआप सुटते’ हा जुना समज आता सोडून द्यावा. परतीच्या वेळी भारतीय कस्टम्सला हा नवा विकत घेतलेला माल वाटला, तर पूर्ण मूल्यावर कर मागितला जाऊ शकतो. हे टाळण्यासाठी जातानाच्या कागदांवर ‘ग्रेडिंगसाठी, परत येणार’ असा स्पष्ट उल्लेख, प्रत्येक कार्डाची यादी व मूल्य, आणि निर्यातीच्या कागदाची प्रत जपून ठेवावी. ‘भेटवस्तू’ असे खोटे लिहू नये. केवायसीसाठी आधार किंवा पॅन मागितले जाते, म्हणून खोक्यावरचे नाव त्या ओळखपत्राशी अक्षरशः जुळले पाहिजे.

स्लॅब हातात आल्यावर

खोके उघडताना चित्रफीत घ्यावी. पट्टीवरचे नाव, वर्ष आणि कार्ड क्रमांक बरोबर आहेत का, पेटीला तडा किंवा आत धूळ आहे का, हे त्याच दिवशी पाहून चूक असल्यास लगेच कळवावी. अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून नोंद जुळवावी आणि तिथे छायाचित्र उपलब्ध असेल तर तेही ताडून पाहावे. दुसऱ्याकडून स्लॅब विकत घेताना तर हे छायाचित्र पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण बनावट पेटीवर खऱ्या कार्डाचा खरा क्रमांक छापलेला असू शकतो, आणि नुसता क्रमांक जुळला म्हणून समाधान मानणाऱ्यांची फसवणूक नेमकी तिथेच होते.

मग तपासणीची वही काढून आपल्या अंदाजाशेजारी मिळालेला अंक लिहावा. जिथे फरक दोन अंकांचा आहे, ते कार्ड स्लॅबमधूनच पुन्हा तिरप्या उजेडात पाहावे आणि सुटलेला दोष सापडला की त्याची नोंद करावी. माझ्या वहीत अशा सुटलेल्या दोषांमध्ये मागच्या बाजूचे खळगे सर्वांत जास्त आहेत, म्हणून आता मी प्रत्येक कार्डाची तपासणी मागच्या बाजूपासूनच सुरू करतो.